इंग्रजीच्या तासाला मोबाइल: बडोद्याच्या एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रावपुऱ्याजवळच्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत तुम्ही आठवी-नववीला इंग्रजी शिकवता. वर्गात पन्नास मुलं, त्यातली पाच-सहा घरी मराठी बोलणारी. यंदा डिजिटल साधनं आणि सोशल मीडिया वापरून इंग्रजी शिकवा आणि दर महिन्याला अहवाल द्या, असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय. तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यावर व्हिडिओ टाकले, व्याकरणाचे तक्ते टाकले. मुलांकडून परत येतात ते अंगठे आणि ‘गुड मॉर्निंग मॅम’. काही पालक म्हणतात, मुलांच्या हातात फोन देऊच नका. तेव्हा कोणतं ॲप वापरू, आणि या सगळ्याचा खरंच उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय.

उपयोग होतो. मी याच शहरात बरीच वर्षं गुजराती आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलंय, आता शिक्षकांची प्रशिक्षणं घेते, आणि हे मी पाहिलेलं आहे. पण ॲपचा प्रश्न शेवटी घेऊ. त्याआधी एक गोष्ट पक्की करायला हवी. फोनला पडदा आहे आणि माइकही आहे. शाळा पडदा वापरतात. मुलाचं इंग्रजी पुढे सरकतं ते माइकमुळे. तुमच्या ग्रुपवर मुलांना बघायला भरपूर आहे, करायला काही नाही. म्हणून ती अंगठा दाखवून मोकळी होतात.

जरा हिशेब करा. ३५ मिनिटांचा तास आणि ५० मुलं. तुम्ही एक शब्दही न बोलता सगळा वेळ मुलांना वाटून दिलात, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ४२ सेकंद येतात. प्रत्यक्षात पुढच्या दोन बाकांवरची मुलं बोलतात आणि बाकीची वर्षभर तोंड न उघडता नववी पास होतात. वर्गात मुलाला इंग्रजी ऐकायला मिळतं, वाचायला मिळतं, फळ्यावरून उतरवायला मिळतं. स्वतःच्या मनातलं इंग्रजीत बोलायला मिळत नाही. मेरिल स्वेन या कॅनडातल्या संशोधक. तिथली इंग्रजी बोलणारी मुलं सगळे विषय फ्रेंचमधून शिकत होती, त्यांचा अभ्यास करून त्यांनी १९८५ मध्ये एक गोष्ट मांडली. इतकी वर्षं फ्रेंच ऐकल्यावर मुलांना ते समजत होतं छान, पण बोलताना आणि लिहिताना ती कच्ची राहत होती, कारण त्यांच्यावर नेमकं बोलण्याची वेळच फारशी येत नव्हती. तिथे निदान सगळे विषय फ्रेंचमधून होते. आपल्या मुलांना दिवसाला इंग्रजीचा एकच तास मिळतो.

आणि पडद्याचा अनुभव गुजरातला काही कमी नाही. १९७५ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या पीज गावातून इस्रोच्या पुढाकाराने टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) तास दूरदर्शनवर आले. २००४ मध्ये शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह गेला आणि अलीकडे राज्य सरकारच्या ज्ञानकुंज योजनेचे स्मार्ट बोर्ड आपल्या शाळांत बसले. यातलं खेडा जिल्ह्यातलं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण तिथले कार्यक्रम गावातल्या लोकांना सोबत घेऊन, त्यांच्याच बोलीत केले जात. त्यानंतरच्या बहुतेक साधनांत मुलाकडे एकच काम उरलं, ते म्हणजे बघणं. तुमच्या ग्रुपचंही नेमकं तेच झालंय.

तेव्हा सुरुवात व्हॉइस मेसेजपासून करा. आठवड्याला एक, फार तर मिनिटभराचा. व्हिडिओ मागू नका. व्हिडिओ म्हटला की मुली कपडे, घर, मागची भिंत यांचा विचार करत बसतात, आणि लाजरी मुलं तर पाठवतच नाहीत. आवाज पाठवायला घर आवरावं लागत नाही. मिनिटभराचा व्हॉइस मेसेज एक एमबीच्याही बराच खाली राहतो, व्हिडिओ कितीतरी पटीने मोठा होतो. तुमच्या वर्गातल्या पुष्कळ घरांत फोन एकच असणार आणि तो बाबांबरोबर दिवसभर बाहेर असणार. म्हणून काम देताना दोन-तीन रात्रींची मुदत द्या. सोमवारी द्यायचं आणि गुरुवारपर्यंत मागायचं. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांनी मधल्या सुट्टीत शाळेच्या फोनवर बोलावं. ही सोय पहिल्या दिवसापासून ठेवा आणि ती सगळ्यांना खुली ठेवा, म्हणजे फोन नसलेलं मूल वेगळं उठून दिसत नाही.

आता काम कोणतं द्यायचं, कारण सगळं गणित इथेच चुकतं किंवा जमतं. ‘माय सेल्फ’, ‘माय बेस्ट फ्रेंड’, ‘द काउ’ असले विषय दिलेत की मुलं गाइड उघडतात आणि एका सुरात वाचून दाखवतात. तुम्हाला ते ऐकताक्षणी कळतं. कुठे अडखळणं नाही, स्वल्पविरामाला एक श्वास, पूर्णविरामाला दुसरा. ते वाचन झालं, बोलणं नाही. असं काम द्या की ज्याचं उत्तर कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. खंडेराव मार्केटमध्ये आज टोमॅटो काय भावाने होते आणि संध्याकाळी भाव का उतरला. तुमच्या खिडकीतून आत्ता काय दिसतंय. उत्तरायणाला तुमच्या गच्चीवर कोणाचा पतंग आधी कापला गेला आणि त्यावरून काय वाद झाला. नवरात्रात घरी यायला उशीर झाला तेव्हा आई काय म्हणाली.

एक मेसेज इथे शब्दशः देते, कारण शिकवणं म्हणजे काय हे त्यात चांगलं दिसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या हे तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतर आठवीतल्या एका मुलाचा मेसेज आला: ‘यस्टरडे वन क्रोकोडाइल इज कम इन अवर सोसायटी. माय अंकल इज शाउटिंग. ऑल पीपल इज टेकिंग व्हिडिओ. देन फॉरेस्ट पीपल केम अँड ही इज टाइंग द माउथ.’ वर्गात कधी हात वर न करणारा मुलगा आणि ही सलग चार वाक्यं. लाल पेन घेऊन बसलं तर यात चुकाच चुका आहेत. पण जरा कान देऊन ऐका. गोष्ट क्रमाने आलीय. कोण, काय, मग काय, सगळं आहे. आणि चौथ्या वाक्यात ‘केम’ आपसूक बरोबर आलंय.

त्याला मी आवाजातच उत्तर पाठवलं. आधी मजकुराबद्दल खरे प्रश्न विचारले: मगर केवढी होती? वनखात्याला फोन कोणी केला? आपलं कोणीतरी नीट ऐकलंय हे मुलाला अशाच प्रश्नांतून कळतं. ‘व्हेरी गुड’मधून ते कळत नाही. मग एकच सुधारणा सांगितली: ‘तू शेवटी केम म्हणालास, ते अगदी बरोबर. कालची गोष्ट आहे ना? मग पहिली वाक्यंही तशीच करून पुन्हा सांग.’ दुसऱ्या वेळी आलं: ‘अ क्रोकोडाइल केम इन अवर सोसायटी. माय अंकल शाउटेड.’ त्याने पुढे लांबी सांगितली, फोन कोणी केला ते सांगितलं. ‘ऑल पीपल इज’ तसंच राहिलं आणि मी ते राहू दिलं. त्या आठवड्याचं काम भूतकाळाचं होतं, ते झालं. मुलाच्याच तोंडून आलेलं बरोबर रूप धरून चुकीचं रूप सुधारायला लावणं, हे माझ्या अनुभवात कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त टिकतं. आणि ते रेकॉर्डिंगमुळेच शक्य होतं. वर्गात बोललेलं वाक्य हवेत विरतं. इथे मूल स्वतःचं वाक्य पुन्हा ऐकू शकतं.

याच कामाला जोडून एक जुनी पद्धत वापरा, ती १९८० च्या दशकापासून भाषाशिक्षणात ४-३-२ नावाने ओळखली जाते. तीच गोष्ट आधी चार मिनिटांत सांगायची, मग तीन, मग दोन, आणि प्रत्येक वेळी ऐकणारा नवा. आपल्या मुलांना चार मिनिटं झेपत नाहीत. साठ, पंचेचाळीस आणि तीस सेकंद ठेवा. पहिल्यांदा स्वतःच्याच फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचं आणि पुसून टाकायचं. दुसऱ्यांदा एका मित्राला किंवा मैत्रिणीला पाठवायचं. तिसऱ्यांदा तुम्हाला. मजकूर तोच राहतो, त्यामुळे मूल ‘आता काय बोलू’ या चिंतेतून सुटतं आणि त्याचं लक्ष ‘कसं बोलू’ याकडे वळतं. तिसरा मेसेज पहिल्यापेक्षा कसा वेगळा होतो हे तुम्ही वर्गातल्या कोणत्याही मुलाला करायला लावून पाहा. मधले ‘अं… अं…’ कमी होतात, वाक्यं एकमेकांना चिकटतात.

तुम्ही म्हणाल, पन्नास मेसेज ऐकायचे कधी? सगळे नीट ऐकायचेच नाहीत. दर आठवड्याला हजेरीच्या क्रमाने दहा मुलांना नीट उत्तर द्या. बाकीचे दीडपट किंवा दुप्पट वेगाने नुसते कानावरून जाऊ द्या, ती सोय व्हॉट्सॲपमध्येच आहे. कोणाचा मेसेज आला एवढी वहीत खूण करा. पाच आठवड्यांत सगळा वर्ग होतो. यात शिक्षकाचं सगळ्यात जास्त रक्त आटतं हे मला माहीत आहे. त्यामुळे ग्रुपवर रोज काहीतरी टाकायचं काम आजच बंद करा. त्या तक्त्यांना लागणारा वेळ या दहा उत्तरांना द्या.

आता ग्रुपबद्दल, आणि हे मी फार काळजीने सांगतेय. मुलींचा समावेश असलेला वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप मला मान्य नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. तो नंबर बहुधा आईचा किंवा बाबांचा असतो, आणि तो वर्गातल्या मुलांच्या भावांपर्यंत, त्यांच्या मित्रांपर्यंत जायला वेळ लागत नाही. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. तुमचा मेसेज सगळ्यांना जातो, उत्तर फक्त तुमच्याकडे येतं, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. एका लिस्टमध्ये २५६ नंबर मावतात. अट एकच: पालकांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलेला हवा. पहिल्या पालकसभेत समोर बसवून तो सेव्ह करून घ्या. तुमचा घरचा नंबर देऊ नका. वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, त्यात वर्गवार लेबलं लावता येतात. रात्री साडेआठनंतर उत्तर मिळणार नाही हे आधीच सांगा आणि स्वतःही पाळा.

मित्राला पाठवायचा तो दुसरा मेसेजही पालकांच्या परवानगीनेच, आणि मुलांनी मुलांना, मुलींनी मुलींना, जिथे आधीच घरोबा आहे तिथेच. मुलाचा आवाज वर्गात ऐकवायचा तर त्याला आधी विचारा. शाळेच्या फेसबुक किंवा इन्स्टाग्राम पानावर टाकायचा तर पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितलीय. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. मुलांना स्वतःची इन्स्टाग्राम खाती उघडायला शाळेने कधीही लावू नये. त्याला वयाची किमान अट १३ आहे, आणि आठवीतली काही मुलं तर नुकतीच तेरा पूर्ण करत असतात.

तर मग सोशल मीडिया शिकवण्यात आणायचाच नाही का? आणायचा, पण खातं न उघडता. त्यातली भाषा वर्गात आणा. मुलांना इंग्रजीत ‘यू’ ऐवजी नुसता एक अक्षराचा यू आणि ‘आर’ ऐवजी नुसता आर लिहायची सवय झालीय, आणि आपण शिक्षक त्यावर चिडतो. चिडून ते जात नाही. मुलांना एकच निरोप तीन जणांना लिहायला सांगा. समजा उद्या चुलतबहिणीची हळद आहे म्हणून शाळेला यायचं नाही. मैत्रिणीला: ‘नॉट कमिंग टुमॉरो, सेंड मी मॅथ्स होमवर्क.’ वर्गशिक्षिकेला: ‘गुड ईव्हनिंग मॅम, आय वोंट बी एबल टू कम टुमॉरो बिकॉज ऑफ अ फॅमिली फंक्शन.’ मुख्याध्यापकांना अर्ज, तारखेसह, कारणासह, विनंतीसह. तिन्ही फळ्यावर शेजारी लिहा आणि विचारा: मैत्रिणीला अर्ज पाठवला तर तिला काय वाटेल? मुख्याध्यापकांना पहिला मेसेज पाठवला तर? कोणाशी कसं बोलावं ही समज मुलांना मराठीत आणि गुजरातीत असतेच, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत ते काम ‘कुड यू’, ‘वुड इट बी पॉसिबल’ असल्या शब्दयोजनेने होतं हे अशा तीन निरोपांतून एका तासात कळतं. यासाठी फोनचीही गरज नाही. मोबाइलच्या पडद्याएवढी चौकट वहीत आखली की पुरे.

ऐकण्याचं काम यूट्यूबवर चांगलं होतं, पण क्लिप दोन मिनिटांच्या वर नको. विषय असा निवडा की मुलांना गोष्ट आधीच माहीत आहे: विश्वामित्रीतल्या मगरींची इंग्रजी बातमी, बडोद्याच्या गरब्याची बातमी, हर्षा भोगले यांच्या समालोचनाचा एखादा तुकडा. गोष्ट माहीत असली की कान शब्दांकडे लागतो. पहिल्यांदा सबटायटल बंद ठेवून ऐकवा आणि मुलांनी फक्त ऐकू आलेले शब्द लिहावेत. दुसऱ्यांदा वेग ०.७५ करून. तिसऱ्यांदा इंग्रजी सबटायटल लावून. हिंदी सबटायटल लावू नका, मग कोणी ऐकतच नाही. यूट्यूबचे आपोआप येणारे सबटायटल आपल्या गावांची आणि माणसांची नावं हमखास चुकवतात. मुलांना त्या चुका पकडायला लावा. सयाजीगंज, फतेहगंज, मांजलपूर यांचं यंत्राने काय केलंय ते शोधताना मूल तीच क्लिप पाच-सहा वेळा कंटाळा न करता ऐकतं. शाळेच्या नेटवर अवलंबून राहू नका, आदल्या दिवशी आपल्या फोनवर यूट्यूबच्या ऑफलाइन सोयीने क्लिप उतरवून ठेवा. ज्ञानकुंजचा बोर्ड असला तर उत्तम, नाहीतर फोनला एक साधा स्पीकर जोडला की झालं. ऐकण्याच्या तासाला मोठा पडदा लागत नाही, स्वच्छ आवाज लागतो.

उच्चारांसाठी फोनच्या कीबोर्डवरचं बोलून टाइप करायचं बटण फार कामाचं आहे. सेटिंगमध्ये भाषा इंग्रजी (भारत) निवडा, नाहीतर यंत्र मुलाला विनाकारण चुकीचं ठरवतं. गुजराती मुलांना ‘स्नॅक्स’ आणि ‘स्नेक्स’, ‘हॉल’ आणि ‘होल’ यांत गोंधळ होतो. तिथे मराठी मुलांची मदत घ्या, त्यांच्या कानाला ॲ आणि ऑ बॅट, कॅप, डॉक्टर अशा शब्दांतून सरावाचे झालेले असतात. ‘झू’ आणि ‘झिरो’मधला आवाज मराठी मुलाला ‘झाड’मधल्या झ वरून लवकर सापडतो. व मात्र दोन्ही भाषांत एकच आहे, त्यामुळे ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ सगळ्यांनाच अवघड. ‘वाइन’साठी ओठ उ म्हणताना करतो तसे गोल, ‘व्हाइन’साठी वरचे दात खालच्या ओठावर. मुलांना आरशासमोर करू द्या, फोनचा पुढचा कॅमेरा हाच आरसा.

पण या यंत्राचा एक स्वभाव लक्षात ठेवा. सुटा शब्द बोललात तर ते ऐकलेलं लिहितं. पूर्ण वाक्य बोललात तर संदर्भावरून अंदाज करतं. मुलाने ‘वुई एट स्नेक्स इन द रिसेस’ म्हटलं तरी ते कदाचित ‘स्नॅक्स’ लिहून मोकळं होईल आणि मुलाला वाटेल आपला उच्चार बरोबर आहे. म्हणून आवाजाचा सराव सुट्या शब्दांवर घ्या. आणि यंत्राला कळलं नाही म्हणजे मूल चुकलंच असंही नाही. घरात पंखा, टीव्ही, कुकर चालू असतो. शेवटची परीक्षा एकच: दुसऱ्या माणसाला एका ऐकण्यात कळलं का? लंडनच्या उच्चारांच्या मागे लागायचं काहीच कारण नाही.

वर्गातली ती पाच-सहा मराठी मुलं. तुम्ही लिहिलंय की ती ‘मागे पडतात’, कारण घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि वर इंग्रजी. मी याकडे उलटं पाहते. एका भाषेत ऐकून दुसरीत सांगणं ही मुलं रोज करतात. दुकानदार गुजरातीत काय म्हणाला ते आजीला मराठीत सांगणं हे त्यांचं लहानपणापासूनचं काम. भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपच्या सामायिक चौकटीत २०१८ पासून याच कौशल्याला स्वतंत्र आणि सविस्तर जागा मिळालीय. मग त्याचा उपयोग करा. आजी-आजोबांना मराठीत किंवा गुजरातीत विचारा, तुमच्या लहानपणी दांडिया बाजारात गणपती कसे असत, आणि ते मिनिटभरात इंग्रजीत सांगा. मजकूर आजीचा, भाषा मुलाची. घरातली माणसं गोळा होतात, आणि ‘फोन वाईट’ म्हणणारी आईसुद्धा शेजारी बसून ऐकते.

पालकांच्या तक्रारीला माझं उत्तरही हेच आहे. फोनची भीती खोटी नाही, तिला टोलवू नका. त्यांना सांगा की आठवड्याचं काम पंधरा मिनिटांचं आहे, ते घरातल्या मोठ्या माणसासमोर, त्यांच्याच फोनवर करायचं आहे, आणि काम झालं की फोन परत द्यायचा आहे. पालकसभेत दोन मुलांचे मेसेज, त्यांच्या परवानगीने, ऐकवा. आपल्या मुलाचा आवाज इंग्रजीत पहिल्यांदा ऐकणाऱ्या बापाला वेगळं काही पटवून द्यावं लागत नाही.

चॅटजीपीटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते तुमच्या वर्गात पोहोचलेलं आहे, निबंध वाचताना तुम्हालाही जाणवत असेल. २०२२ च्या नोव्हेंबरात ते आलं आणि घरी लिहून आणायच्या निबंधाचा अर्थच गेला. बंदीने काही होणार नाही. पहिला मसुदा वर्गात, हाताने, आठ-दहा ओळींचा लिहून घ्या. मग तुमच्या फोनवर, सगळ्यांसमोर, त्यातला एक मसुदा यंत्राला सुधारायला द्या. १८ वर्षांखालच्यांनी पालकांच्या परवानगीनेच ते वापरावं अशी त्यांची अट आहे, म्हणून ते तुमच्याच हातात असू द्या. यंत्राने केलेला प्रत्येक बदल मुलांनी पाहायचा आणि ठरवायचं: हा घ्यायचा की नाही, आणि का. काळ सुधारला असेल तर घ्या. पण पुरावरच्या मसुद्यात यंत्राने ‘आनंद आणि उत्साहाने भरलेला अविस्मरणीय दिवस’ असलं काही घुसवलं, तर मुलीने उठून म्हणायला हवं की नाही, मला त्या दिवशी भीती वाटत होती. हे म्हणण्यासाठी तिला इंग्रजीतलं दुसरं वाक्य शोधावं लागतं, आणि तिथे लिहिणं शिकवता येतं.

आता ॲप. मला दोनच सांगावीशी वाटतात. वाचनात फार मागे असलेल्या मुलांसाठी गूगलचं रीड अलाँग. २०१९ मध्ये ते आपल्याकडे ‘बोलो’ नावाने आलं होतं. मूल मोठ्याने वाचतं, ते ऐकतं, अडलेला शब्द म्हणून दाखवतं, आणि गोष्टी एकदा उतरवल्या की नेट लागत नाही. मोठ्या वर्गात चारचौघांसमोर वाचायला लाजणाऱ्या मुलाला ते बरं पडतं. दुसरं, प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, २०१५ पासून चालू आहे आणि फुकट आहे. तिथे एकच गोष्ट मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत सापडते. आधी आपल्या भाषेत वाचायची, मग इंग्रजीत. या शहराला हे शोभतंही, कारण १९१० नंतर सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय खात्याने पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव फिरत्या ठेवल्या होत्या, लोक ग्रंथालयापर्यंत येण्याची वाट पाहिली नव्हती. बाकी खेळांची, प्रश्नमंजुषांची ॲप वर्गात एखाद्या दिवशी मजा म्हणून ठीक आहेत. त्यांत मूल चारांतला एक पर्याय दाबतं, स्वतःचं वाक्य करत नाही, म्हणून त्यावर वर्ष घालवू नका.

राहिला मुख्याध्यापकांचा अहवाल. किती व्हिडिओ टाकले, किती लिंका पाठवल्या हे आकडे देऊ नका, त्यातून मुलांचं काहीच कळत नाही. जूनमध्ये सगळ्या मुलांकडून एकच काम करून घ्या: ‘काल शाळा सुटल्यावर काय केलंस’ यावर तीस सेकंद. ते जपून ठेवा. तेच काम दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि फेब्रुवारीत पुन्हा. दर वेळी दोन गोष्टी मोजा, तीस सेकंदांत किती शब्द आले आणि तीन सेकंदांहून लांब किती वेळा थांबला. सगळ्या वर्गाचं जमत नसेल तर दहा मुलांचं करा, पण त्यात शेवटच्या बाकावरची चार तरी असू द्या. मुख्याध्यापकांना कागदाबरोबर दोन-तीन मुलांचे जूनचे आणि फेब्रुवारीचे आवाज पाठोपाठ ऐकवा. फाइलला मुलाचं नाव देऊ नका, हजेरीचा क्रमांक आणि महिना पुरे. वर्ष संपलं की मुलांना त्यांची रेकॉर्डिंग देऊन तुमच्या फोनवरून पुसून टाका.